हिंदीच्या रॅकमधलं मराठी पुस्तक

मागच्या महिन्यात एका मंगळवारी लेकीला लायब्ररीतल्या गोष्टीच्या तासाला बसवलं आणि मी आपली नेहमीसारखी दुसऱ्या भाषांच्या कोपऱ्यात गेले. मेलबर्नच्या उत्तरेकडची आमची कौन्सिलची लायब्ररी, अरबी, चिनी, व्हिएतनामी, पंजाबी, हिंदी, सगळ्यांचे रॅक आहेत, मराठीचा नाही, हे मला चार वर्षं माहितीये, त्यामुळे शोधत वगैरे नव्हते. हिंदीच्या रॅकवरून सहज हात फिरवत होते तर एक कथासंग्रह निघाला, मराठी. त्याच्या शेजारी अजून दोन. खालच्या फळीवर एक पाककृतींचं. पाठीवर लेबल काय, तर हिंदी.

आनंद व्हायला हवा होता ना? झालाच, पण आधी डोकं तापलं. देवनागरी दिसली की हिंदी! ऑफिसात 'तू हिंदी बोलतेस ना' हे रोज ऐकतेच, पण पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेलं बघितलं आणि काहीतरी टोचलं. म्हणजे ती पुस्तकं कुणीतरी मराठी माणसानेच मागवली असणार किंवा दिली असणार, आणि नंतर आलेल्या कुठल्याच मराठी माणसाला ती सापडली नाहीत, कारण कॅटलॉगमध्ये भाषा 'मराठी' टाकून शोधलं की शून्य येतं. मी स्वतः पहिल्याच आठवड्यात शोधलं होतं, शून्य आलं होतं, आणि तेव्हापासून इथे मराठी काही नाही हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते.

रात्री घरी येऊन कॅटलॉग उघडला. इथे प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीखाली वाचकांना अभिप्राय लिहायची, टॅग लावायची सोय असते. लिहिलं की हे पुस्तक हिंदी नाही, मराठी आहे, आणि महाराष्ट्राची लोकसंख्या तुमच्या अख्ख्या ऑस्ट्रेलियाच्या चौपट आहे. (दुसरं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं, पण लिहिलं.) दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर. लायब्ररीयनचं, स्वतःच्या नावानिशी. तुमचं बरोबर आहे, चूक आमची आहे, चारही पुस्तकांची भाषा बदलली, आमच्याकडे मराठी वाचणारं कोणी नाही, तुम्ही येऊन बाकीचा रॅक एकदा बघाल का?

मी ते उत्तर तीनदा वाचलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. आईला फोनवर मराठीत करून सांगितलं.

हे इतकं का लागलं ते सांगते. कॉलेजात असताना आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एका कार्डावर लेखकाचं नाव चुकलेलं मी दाखवलं होतं, दोन सारख्या आडनावांची गल्लत झाली होती, एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर. काउंटरवरचे काका म्हणाले, "बाळ, तू वाच, रजिस्टर आमचं आहे." रागावून नाही, प्रेमानेच म्हणाले. पण त्यानंतर मी कधी काही दाखवलं नाही.

आता लगेच कोणी कमेंटमध्ये 'बघा परदेशात कसं असतं' असं लिहू नका, मला ते आवडत नाही. त्याच काकांना माझ्या आजीला कुठली कादंबरी आवडेल ते आजीपेक्षा जास्त ठाऊक असायचं, आणि तशी कादंबरी आली की ते रजिस्टरमध्ये न चढवता आजीसाठी खणात ठेवून द्यायचे. इथल्या कॅटलॉगला ते जमत नाही. आणि त्यांना मिळत काय होतं? महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, ११-१२ हजार वाचनालयं आहेत, पण गावातल्या ग्रंथपालाच्या हातात जे पडतं त्यात त्याने दुपारी दुसरं काम केलं नाही तर घर चालत नाही. त्यांच्याकडे वाचकांशी गप्पा मारायला कॉम्प्युटर असता तरी तो शिकवायला कोण येणार होतं?

शिकवण्याचं मुद्दाम म्हणते, कारण मला उत्तर पाठवणाऱ्या इथल्या लायब्ररीयन बाईंना (बाई म्हटलं तर इथे कोणाला कळत नाही, सगळे पहिल्या नावाने हाक मारतात, मला अजून जड जातं) मी हेच विचारलं, की हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं. त्या म्हणाल्या, नोकरीच्या सुरुवातीला '२३ थिंग्ज' केलं होतं. २००६ साली अमेरिकेत शार्लट नावाच्या गावातल्या सार्वजनिक लायब्ररीत हेलन ब्लोवर्स यांनी आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी ते सुरू केलं, नऊ आठवड्यांत २३ छोटी कामं, एक ब्लॉग उघडा, विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या वेबपानावर, एक ओळ लिहून बघा, फ्लिकरवर फोटो टाकून टॅग लावा, पूर्ण करेल त्याला एमपी-थ्री प्लेअर. तिथून ते जगभरच्या लायब्ऱ्यांनी उचललं, मेलबर्नमध्येही लगेच आलं. आमच्या बाईंच्या लायब्ररीत काउंटरवर शिक्के मारणाऱ्यांपासून वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी केलं म्हणे. मला यातलं ते आवडलं, की आधी लायब्ररीयन स्वतः चुकले, सगळ्यांसमोर, आणि मग वाचकांना म्हणाले की तुम्हीही लिहा.

तर मी गेले गुरुवारी. रॅक बघून झाला, २४ पुस्तकं वेगळी काढली. मग बाईंनी त्यांचा आतला विकी उघडून दाखवला. सगळ्या शाखांचे लायब्ररीयन मिळून तो लिहितात, फोटोकॉपी मशीन अडकलं तर काय करायचं इथपासून ते फारसी आणि अरबी पुस्तक वेगळं कसं ओळखायचं इथपर्यंत. त्यात देवनागरीचं पान होतं आणि त्यावर एकच ओळ. अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ असेल तर हिंदी. बस.

खुर्ची माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, लिहा.

दीड तास लिहीत होते. लेक दोनदा येऊन ओढून गेली. रेघ तर नेपाळीलाही असते, संस्कृतलाही, आणि बंगालीलाही, तिथपासून सुरुवात केली. मग 'है' आणि 'आहे'. 'और' आणि 'आणि'. नेपाळीत 'छ' सतत दिसतो. आपला 'ऱ्या', म्हणजे तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र, 'तुऱ्याचा' मधला, हिंदीत तसा कधी दिसायचा नाही. आणि मग ळ. ळ वर मी जवळजवळ एक परिच्छेद लिहिला, मोठा करून चित्र टाकलं, इथल्या लोकांना तो आडवा पडलेल्या आठासारखा दिसतो म्हणून तसंही लिहिलं, आणि खाली ठळक अक्षरांत टाकलं, हे अक्षर दिसलं की पुस्तक मराठी समजा. कॅटलॉगमध्ये भाषेचा तीन अक्षरी कोड असतो, हिंदीचा एचआयएन, मराठीचा एमएआर, तोही टाकला. सेव्ह केल्यावर पानाच्या इतिहासात माझं नाव आलं, तारीख, वेळ. कोणाची सही लागली नाही, कोणी आधी तपासलं नाही.

विश्वास टाकायची ही सवय इथे वरपासून आहे असं दिसतंय. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' आहे, १८०३ पासूनची जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून मोफत ठेवलीत. स्कॅनवरून मशीनने वाचलेला मजकूर चुकीचा असतो, तर २००८ पासून तो कोणीही दुरुस्त करू शकतं, लॉगिनसुद्धा लागत नाही, डावीकडे ओळी, उजवीकडे मूळ पान, बदला आणि सेव्ह करा. त्यांना नासधुशीची भीती होती, पण पहिल्या सहा महिन्यांत मुद्दाम केलेला एकही खोडसाळपणा सापडला नाही. काही निवृत्त लोकांनी एकेकट्याने लाखो ओळी दुरुस्त केल्यात. मी त्यात 'पूना' शोधलं. १८९७ चा प्लेग, रँडचा खून, टिळकांवरचा खटला, सगळं इथल्या छोट्या छोट्या गावांच्या पेपरांत तारेने आलेलं, मेंढ्यांच्या लिलावाच्या बातमीशेजारी. एका ठिकाणी मशीनने टिळकांच्या नावाची पार वाट लावली होती. ते नाव मी नीट केलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मला खरंच रडू आलं.

आता माझा पुण्याचा भाऊ म्हणतो, ताई, हेच मराठी विकिस्रोतावर कर की, तिथे जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून पडलीत, न तपासलेली पानं लाल आहेत, एकाने तपासलं की पिवळी होतात, दुसऱ्याने तपासलं की हिरवी, माणसं कमी पडतात. मला माहितीये. तिथे जे लोक वर्षानुवर्षं बसून काम करतायत त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पगार नाही, कौतुक नाही, आणि त्यातले कित्येक ग्रंथपाल आणि शिक्षक आहेत हे इथल्या बाईंना मी अभिमानाने सांगितलं. दर जानेवारीत जगभरचे ग्रंथपाल विकिपीडियात किमान एक संदर्भ घालतात, २०१६ पासून, विकिपीडियाच्या वाढदिवसाची भेट म्हणून, त्या निमित्ताने आमच्या लायब्ररीत झालेल्या बैठकीत मी मराठी विकिपीडियाच उघडून बसले होते. पण रोजचं म्हणाल तर मी ट्रोव्हच करते. दिवसभर इंग्रजीत काम करून रात्री मराठी टायपिंगला बोटं चालत नाहीत, लेक मध्येच उठते, आणि ट्रोव्हमध्ये पाच ओळी करून उठता येतं. शिवाय ही पण आपलीच पानं आहेत ना, टिळकांचीच बातमी आहे. भावाला पटलं नाही.

असो. मंगळवारी लायब्ररीत मराठीचं लेबल लागलेला रॅक बघितला. रॅक म्हणजे एक फळी, २४ पुस्तकं. तिथेच उभ्याउभ्या एकेक उघडत गेले आणि सतराव्यापाशी थांबले. कवितांचं पातळ पुस्तक. पहिल्याच पानावर ळ होता, पण ओळीच्या शेवटी 'आसा'. पुढच्या पानावर 'म्हाका'. कोकणी. पणजीत छापलेलं. मीच काढून मराठीत दिलं होतं, मुखपृष्ठ बघून, आतलं पान न उघडता. आणि विकीवर ठळक अक्षरांत नियमही मीच लिहून ठेवलाय.

तिथूनच बाईंकडे गेले, सांगितलं. त्या म्हणाल्या, पान उघडं आहे, बदला. बदललं. कोड केओके केला, ळ च्या खाली 'आहे की आसा ते आधी बघा' असं घातलं, आणि बदलाच्या कारणात लिहिलं की आधीची चूक माझी. आता कोकणीचा वेगळा परिच्छेद हवाय आणि मला तो लिहिता येणार नाही. गोव्याचं कोणी वाचत असेल तर कोकणी आणि मराठी चटकन वेगळी दाखवणारे पाच-सहा शब्द खाली लिहा, पुढच्या गुरुवारी मी परत जाणार आहे.