‘आपल्या स्तरावरून कार्यवाही करावी’ : शाळेच्या खात्यावरची सही बदलताना

शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपली, नवी समिती झाली, पालकांमधून एक ताई अध्यक्ष झाल्या. सभेत थोडे आवाज चढले, पण ते चालायचंच. अडलं ते बँकेत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान खर्च करायला मुख्याध्यापक म्हणून माझी आणि अध्यक्षांची अशा दोन सह्या लागतात, आणि खात्यावर अजून जुन्या अध्यक्षांचीच सही.

पट 31 ते 100 मधला, म्हणून 25,000 रुपये. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ गळत होता आणि पैसे असून हात बांधलेले.

ठराव, आधार, फोटो सगळं दिलं. क्लार्कने कागद उलटेपालटे केले. “गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र?” कार्यालयात गेलो तर तिथलं उत्तर, “सर, असं पत्र आपण देत नाही. समिती सक्षम आहे.” मग लेखी अर्ज केला. उत्तर एका ओळीचं आलं : ‘आपल्या स्तरावरून नियमोचित कार्यवाही करावी.’ तोच कागद घेऊन बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले, “यात अध्यक्षांचं नाव कुठंय?” पुन्हा कार्यालय. साहेब मीटिंगला.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत 75 टक्के पालक आणले, शाळेचा विकास आराखडा करायचं काम समितीला दिलं. चांगलंच आहे. पण आम्ही काही मागायला गेलो की समिती सक्षम, आणि आम्ही स्वतःहून काही ठरवलं की ‘वरून सूचना येईपर्यंत थांबा’. दुपारी मागितलेली माहिती संध्याकाळपर्यंत गेली नाही तर खुलासा मागतात, तेव्हा आमचा स्तर कुठे जातो कोण जाणे. दरवेळी ताई मजुरी बुडवून बँकेच्या बाकावर बसायच्या. त्याचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही.

सुटलं ते केंद्रप्रमुखांमुळे. दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेला मिळालेल्या अशाच पत्राचा फोटो त्यांनी कुठूनसा मिळवला. नमुना समोर ठेवल्याबरोबर पत्र टाइप झालं, जावक क्रमांकासकट. म्हणून सांगतो, रिकाम्या हाताने पत्र मागू नका, मजकूर लिहूनच न्या.

नव्या समितीच्या पहिल्याच सभेत सही बदलाचा ठराव घ्या, नाव आधारवर आहे तसंच लिहा. मार्चची वाट बघू नका. 31 मार्चला न खर्चलेली मर्यादा, म्हणजे खात्याला मंजूर झालेली खर्चाची रक्कम, परत जाते आणि वर ‘खर्च का नाही?’ हेही आपल्यालाच विचारतात. नळ बसला, बिल गेलं.

हो, आणखी एक. पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे ज्यातून दिले जातात त्या ऑनलाइन प्रणालीवर, दुकानदाराची नोंद करण्याआधी त्याचं पासबुक बघा. पाटीवर दुकानाचं नाव असतं आणि खातं निघतं भावाच्या नावावर. पेमेंट अॅडव्हाइसच्या (पैसे देण्यासाठी बँकेला द्यायच्या पत्राच्या) झेरॉक्सवर बँकेचा शिक्का घेऊन ती फाइलला लावा, ऑडिटवाले पहिल्यांदा तेच मागतात.