पटावर नसलेली मुलगी

शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत मागायला समितीची मंडळी घरी आली, तेव्हा मी आधी विचारलं, माझी वर्षं कुठून मोजायची? दाखल-खारीज रजिस्टरात माझं नाव चढलं ते १९८३ च्या जूनमध्ये. पण त्याआधी दोन वर्षं मी रोज शाळेत येतच होते. ताई तेव्हा दुसरीत होती. माय-बाबा निंदणाला, नाहीतर कापूस वेचायला जायचे आणि मला सांभाळायला घरात दुसरं माणूस नव्हतं. ताईने शाळा सोडायची, नाहीतर मला कडेवर घेऊन यायचं. गुरुजींनी कडेवरचं चालवून घेतलं. पुढे नाव घालताना माझी जन्मतारीखही त्यांनीच ठरवली, १ जुलै. आमच्या वर्गातल्या नऊ जणांपैकी सहा जण १ जुलैचेच आहेत.

आताच्या मुलांना दोन खोल्यांची, रंगवलेल्या भिंतींची शाळा माहीत आहे. आमच्या वेळी खोली एक, गुरुजी एक आणि वर्ग चार. वर कवेलूंचं छप्पर. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा २६ जूनला उघडायची आणि उघडायची तीच पाऊस घेऊन. मग जिथे गळत नाही तिथे टाटपट्ट्या सरकवायच्या, की पहिली आणि चौथी एकमेकांच्या मांडीवर. फळा एकच. गुरुजी सकाळी आल्या आल्या खडूने त्याचे चार भाग करायचे. कोणता वर्ग बोलणार आणि कोणते लिहिणार हेही त्यांचं ठरलेलं असायचं. एका वेळी एकाच वर्गाने तोंड उघडायचं, दोघांनी पाटीवर लिहायचं आणि पहिलीला निंबाखाली पिटाळायचं. तिथे माती सारखी करून बोटाने अक्षरं काढायची. चुकलं की तळहाताने पुसलं, झालं.

पण बोलणारा वर्ग कोणताही असो, कान सगळ्यांचेच उघडे असायचे. चौथीला इतिहासात शिवाजी महाराज होते. पहिलीत मी अफझलखानाचा वध ऐकला, दुसरीत ऐकला, तिसरीत ऐकला. आमचा स्वतःचा चौथीचा इतिहास सुरू झाला तेव्हा गुरुजींनी पुस्तक उघडायच्या आत आम्ही खानाला शामियान्यापर्यंत आणून ठेवलेलं असायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीला विचारलं, भेट कुठे झाली? चौथी घाबरून गप्प. पहिलीच्या रांगेतून एका पोट्ट्याने ठणकावून सांगितलं, "परतापगडाच्या पायथ्याले!" साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते पुढे गुरुजींकडूनच कळलं. वर्गांमध्ये शिस्त नाही.

ते चिंचोके मात्र मला तारखेसकट आठवावेत इतके लख्ख दिसतात, तारीख तेवढी आठवत नाही. ताई तिसरीत, मी अजून बिनपटाची. गुरुजींनी पिशवीतून चिंचोक्यांचा ढीग मधोमध ओतला. त्रेचाळीस चिंचोके, घरून मोजून आणलेले. पहिलीने नुसते मोजायचे. दुसरीने दहा-दहाचे ढीग करायचे आणि सुटे किती ते सांगायचं. तिसरीने सात जणांत वाटायचे आणि उरतील ते बाजूला ठेवायचे. चौथीला तोंडी हिशेब. हे त्रेचाळीस किलो असते आणि किलोला सव्वा रुपया भाव मिळाला असता तर? चौथीतल्या एकाने त्रेपन्न रुपये पंचाहत्तर पैसे असं बरोबर सांगितलंही. म्हणजे बघा, मूठभर चिंचोक्यांत चार वर्गांचं गणित. पुढे डी.एड.ला 'बहुवर्ग अध्यापन' नावाचा भला मोठा शब्द भेटला, तेव्हा मला तो ढीगच दिसला.

त्या दिवशी मात्र गणित फसलं. पहिलीचे मोजून झाले, बेचाळीस. दुसरी म्हणाली, चार ढीग आणि सुटे दोन. तिसरीत ताईने सात वाटे घातले, एकेकाला सहा, आणि उरलं काहीच नाही. गुरुजी म्हणाले, "एक गेला कुठं?" ताईला सगळे गोळा करून पुन्हा वाटायला लावले. पुन्हा काहीच उरलं नाही. तो एक माझ्या गालात होता. गोडसर काहीतरी लागेल म्हणून तोंडात टाकला होता, तो दगडासारखा निघाला आणि थुंकायची भीती वाटत होती. ताईच्या मानेकडे बघत मी तो दुपारपर्यंत तसाच धरून बसले.

मी पहिलीत आले तेव्हा ताई चौथीत गेली होती. गुरुजी चौथीला शिष्यवृत्तीची गणितं घालायचे आणि त्यातल्या हुशार मुलांना पहिलीवर बसवायचे. पहिलीच्या वाट्याला बहुतेक ताई यायची. माझी बाराखडी, माझे वीसपर्यंतचे पाढे, पावकी-निमकी, सगळं तिच्याकडून. "काऊन वं, 'ट' चं पोट इकडं असते का?" असं म्हणून बोट धरून मातीत फिरवायची. आम्हाला वाटायचं केवढा मान आहे तिला. चौथीची तिची पाटी मात्र बाजूला पडलेली असायची.

आज मी स्वतः जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे वर्ग जोडूनच शिकवावे लागतात. म्हणून बहुवर्गाचे फार गोडवे गाणारं कोणी भेटलं की मी जरा सावध होते. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची रीत आपल्याकडच्या गावठी शाळांमधून इंग्लंडला गेली. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा कारभार बघत होता. मलबारी मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि मोठ्यांकडून लहानांना शिकवून घेण्याची 'मद्रास पद्धत' तिकडे नेली. तिथे ती चालली त्याचं मोठं कारण म्हणजे ती स्वस्त होती. शिकवणाऱ्या मुलाला पगार लागत नाही ना. डी.एड.च्या तासाला हे ऐकलं तेव्हा मला ताईची बाजूला पडलेली पाटी आठवली.

आणि दुसरीचं काय व्हायचं तेही सांगायला हवं. पहिलीला गुरुजी लागायचेच, चौथीला शिष्यवृत्ती होती, तिसरीला जिल्ह्याचा भूगोल घोकायचा असायचा. उरली दुसरी. दुसरी म्हणजे 'पाढे लिहा' आणि गप्प बसा. आमच्याबरोबर एक मुलगा होता, सगळे धडे धडाधडा म्हणायचा. तिसरीत एक दिवस गुरुजींनी त्याच्या हातातलं पुस्तक नीट पाहिलं तर ते उलटं धरलेलं. कानाने सगळं शिकला होता, वाचता अक्षर येत नव्हतं. त्यानंतर गुरुजी त्याला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे, हेही खरं. एका माणसाने किती करायचं?

१९८६ चं शैक्षणिक धोरण आलं, मग खडू-फळा योजना. निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक. आपल्याकडे दुसरे गुरुजी आले ते मी चौथी पास होऊन गेल्यावर.

पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात. ताईला बाबांनी धाडलं नाही. माझ्या वेळी आम्ही तीन मुली होतो, त्यामुळे सोबत होती. तरी बाबा तयार नव्हतेच. गुरुजी संध्याकाळी घरी आले, ओट्यावर बसले. "भाऊ, थोरलीले ठेवली घरी, आता हिले तरी धाडा." बाबा म्हणाले, "मंग कापूस कोन येचीन, गुरुजी?" गुरुजी काही बोलले नाहीत. चहा घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी बाबाच म्हणाले, जाऊ दे तिला. कापूस ताईने वेचला.

हे लिहून झाल्यावर मी ताईला फोन लावला आणि चिंचोक्यांचा भाग वाचून दाखवला. ती पलीकडून हसत होती. म्हटलं, "त्रेचाळीसावा माझ्या तोंडात होता, तुला आज सांगते." ती म्हणाली, "मले तवाच ठाव होतं. तुह्या गालाले फुगा आला होता."

"मग गुरुजींना सांगितलं का नाहीस? दोनदा वाटायला लावलं तुला."

"सांगतलं असतं तं गुरुजी म्हनले असते, उद्यापासून पोरीले आनू नको. मंग मी कशी आली असती वं शाळेत?"