तोंडी ऑर्डर आणि मामांची कानस

पर्वतीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला आमचा गाळा बघून लोक विचारतात, "चपलांचं काम करता का?" चामड्याचा वास, आरी, रांपी, ऐरण, त्यांची तरी काय चूक? आम्ही कॅलिपर आणि स्प्लिंट बनवतो, म्हणजे अधू हातापायांना बांधायचे आधार. १९९६ पासून. भांडवल माझं, हात मामांचे. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. पुण्यातल्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरमधून, १९४४ पासूनच्या त्या लष्करी संस्थेतून, निवृत्त झालेले मिस्त्री.

प्लास्टरच्या साच्यावर मामा कानस मारायचे ती अर्धगोल, शिसवी मुठीची. घोट्याच्या हाडांवर प्लास्टर चढवून जागा ठेवायची. गुडघ्याखाली बाहेरच्या हाडामागून नस वळते, तिथे कड टेकवायची नाही. टेकली तर पाऊल लोंबणाऱ्याचं पाऊल आणखीच लोंबेल. पॉलिप्रॉपिलीनची पांढरी शीट भट्टीत पारदर्शक झाली की झटक्यात साच्यावर. घड्याळ बघणाऱ्याला मामा हसायचे.

आमचे जुने गिऱ्हाईक भोरचे गुरुजी. लहानपणी पोलिओ. एसटीनं यायचे, बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "मामा, गुडघ्याचं लॉक बोलायला लागलंय." तेलाचे दोन थेंब आणि चहा.

पोलिओ हटला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. चांगलंच झालं, पण पोराटोरांचे कॅलिपर त्याआधीच कमी झाले होते आणि जे उरले ते फुकटच्या शिबिरांनी नेले. आता रुग्ण यायचे ते पक्षाघाताचे, मणक्याला मार लागलेले. एका फिजिओ डॉक्टरबाईंनी फोटो दाखवला: ट्रेडमिलवर चौकट, तिला पट्ट्यांनी टांगलेला माणूस, वजन निम्मं वर उचललेलं. जुन्या बाजारातून हातानं फिरवायची विंच आणली, ताडपत्री शिवणाऱ्याकडून पट्टे शिवले. पहिली चौकट चालली! एका हॉस्पिटलनं सहा सांगितल्या. तोंडी.

पाइप उधारीवर उचलले. कापलेही. आणि ज्याला प्लास्टरचा पट्टा भिजवायला मी शिकवलं, तो तशाच परदेशी मशीनचा एजंट होऊन गुळगुळीत कॅटलॉग घेऊन तिथे पोचला. किंमत आमच्या कितीतरी पट. आमची ऑर्डर रद्द. "लेखी कुठे आहे?" असं मलाच विचारलं. व्हॅक्यूम पंप विकला. मामांनी पाच महिने पगार घेतला नाही. गुरुजींनी तीन कॅलिपरचे पैसे आगाऊ आणून टेबलावर ठेवले. पाय एकच, म्हणाले, पण आयुष्य बाकी आहे.

नव्या पोरांनो, कागद हातात आल्याशिवाय करवत लावू नका.

२०११ मध्ये त्याच बाईंनी अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. पक्षाघाताचे ४०८ रुग्ण. काहींना पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवलं, काहींच्या घरी फिजिओ जाऊन ताकद नि तोल सुधारायचे व्यायाम करून घेत होता. वर्षानं चालण्यात जवळपास सारखाच फायदा. मी गाळ्यात ओरडलोच, "बघा, त्या एजंटच्या मशीनचं काय झालं!" मामा कानस पुसत म्हणाले, "अरे, आपली चौकटही तीच ना?"

मग घरच्यासाठी बनवायला लागलो. घडीचे समांतर बार, लाकडी पायऱ्या, उभं राहायची स्टँडिंग फ्रेम. वाड्याच्या दारातून आत जाईल अशा मापाची. २०१२ पासून पुढचं सगळं हिशेबाच्या वह्यांत आहे, ते काय वाचायचं?

एवढं मात्र सांगतो. स्प्लिंट काढल्यावर लाल वळ वीस मिनिटांत जायला हवा. नाही गेला तर आमच्याकडे या, नाहीतर जिथे बनवलात तिथे जा. पायाला जाणीव नसेल तर रोज आरशात तळवा बघा.

मामा आता नाहीत. कानस भिंतीला आहे, कुणाला हात लावू देत नाही. ती पहिली चौकट कोपऱ्यात उभी आहे. ओले साचे तिलाच टांगून वाळवतो. परवा गुरुजी आले, तिच्याकडे बघून म्हणाले, "याचा तरी काही उपयोग झाला." आणि लॉक पुढे केलं.