पायथ्याचं गाव

गडांच्या सहली आखून देणं हे माझं काम. फोन करणारे आधी गडाची उंची विचारतात, मग वाट अवघड आहे का ते विचारतात. मुक्कामाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही "रूमला अटॅच्ड बाथरूम आहे ना?" एवढ्यापुरता. माझा निम्मा वेळ मात्र मुक्कामाचं गाव ठरवण्यात जातो. गडाची वाट आजवर हजारोंनी चढून लिहून ठेवली आहे. गाव दर हंगामाला जाऊन बघावं लागतं, कारण गेल्या वर्षी जिथे निवांत झोप मिळाली तिथे यंदा रात्रभर स्पीकर वाजत असतो. लोहगडवाडीचं काय झालं, पाचनईला पावसाळ्यातल्या शनिवारी गाड्यांची रांग कुठवर जाते, हे जाणाऱ्याला माहीत आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातल्या रेकीचा, म्हणजे सहलीआधी जागा बघून येण्याचा, एक दिवस मात्र हिशेबात बसत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि नाशिक जिल्ह्यातला एकटा साल्हेर. रायगड, प्रतापगडाची सवय असलेल्या लोकांना साल्हेर कुठे आहे हेच माहीत नव्हतं, आणि आता प्रत्येकाला तिथेच जायचं होतं. आमच्या ऑफिसने लगेच तीन दिवसांचा कार्यक्रम छापायला काढला: मुल्हेर-मोरा, साल्हेर-सालोटा आणि मांगी-तुंगी. मुक्काम सटाण्याच्या हॉटेलात. मी म्हटलं, हे जमणार नाही. साल्हेर ५१४१ फूट, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. ऊन चढायच्या आत खिंड गाठली नाही तर पुढच्या कातळातल्या पायऱ्यांवर माणसं होरपळतात. सटाण्याहून निघायचं तर पायथा गाठण्यातच तासाहून जास्त वेळ जातो. पन्नाशीच्या माणसाला पहाटे तीनला उठवून टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घाटाचे हेलकावे द्यायचे आणि मग गड चढायला लावायचा, हा आराम कसला? नकाशावर बोट ठेवून मुक्काम ठरवणारी माणसं आमच्या धंद्यात फार झाली आहेत. त्यांना अंतर दिसतं, पहाट दिसत नाही.

तेव्हा संक्रांत झाल्यावर मी आणि आमचे नेहमीचे ड्रायव्हरदादा निघालो.

ताहाराबाद फाट्याचं गाव आहे. पेट्रोल, औषधं, भाजी घ्यायला उत्तम, राहायला नाही. मांगी-तुंगीच्या पायथ्याला भिलवाडला धर्मशाळेची सोय मोठी आहे. २०१६ मध्ये १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती झाल्यापासून तर फारच. पण ते तीर्थक्षेत्र आहे, तिथल्या खाण्यापिण्याच्या आणि वेळांच्या शिस्तीला मान देणाऱ्यांनीच तिथे उतरावं. ट्रेकची बॅच तिथे घुसवणं मला पटत नाही.

मुल्हेरने मात्र मन जिंकलं. उद्धव महाराजांच्या समाधीचं, कोजागरीच्या रासाचं गाव. बागुल राजांची राजधानी वरच्या गडावर होती, औरंगजेबाने शहजादा असताना १६३८ मध्ये बागलाण घेतलं तोवर. गावातून चालत निघालं की गाडी न काढता माचीवर पोचता येतं. तिथे गणेश मंदिर आणि सोमेश्वर मंदिर, वर मुल्हेर, त्याला चिकटून मोरा, पलीकडे हरगड. एका गावात राहून तीन किल्ले पायी होतात. गावात वैद्यकीय सोय आहे, दुकानं आहेत, पाहुणा आला म्हणून घडी विस्कटत नाही. ऑफिसला एकच गाव हवं होतं, तेव्हा हेच सांगून मोकळी झाले असते. पण साल्हेरसाठी इथूनही पहाटे गाडीचा प्रवास होताच.

साल्हेरला दोन गावांतून वाट आहे, साल्हेरवाडी आणि वाघांबे. साल्हेरवाडीची वाट लांबची, दरवाज्यामागून दरवाजे ओलांडत माचीवरून जाणारी. उतरायला मी तीच देते. वाघांब्यातून थेट साल्हेर-सालोट्याच्या मधल्या खिंडीत चढता येतं. म्हणून वाघांब्यात घर शोधायचं ठरलं.

घर कसं बघते ते सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. अंगण आधी नाही बघत, संडास बघते. दाराला आतून कडी आहे का, आत बल्ब आहे का, आणि पाण्याची टाकी भरायचं काम घरातल्या कोणाच्या वाट्याला येतं. बॅचमध्ये आठ बायका असतील तर त्यांचं निम्मं सुख-दुःख या तीन गोष्टींवर ठरतं, आणि पुरुष लीडरला हे सुचतच नाही. मग चूल: पहाटे चारला ती कोण पेटवणार, आणि त्या बाईला दिवसभर शेतावर जायचं आहे का. मग गावात मुक्कामी एसटी येते का. येत असेल तर आजारी माणसाला पहाटे परत पाठवता येतं. गावात जीप कोणाकडे आहे आणि रात्री दार ठोठावलं तर तो उठेल का. मोबाइलची रेंज घरात नसेल तर कुठल्या बांधावर येते. हे सगळं मी विचारत नाही, बसून बघते. विचारलं की सगळेच हो म्हणतात.

ज्या घरात बसले तिथल्या मावशींनी मला काही न विचारता नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. पैशांचं बोलणं जेवण झाल्यावर. त्यांचा मुलगा बावीस-तेवीसचा, सटाण्याच्या कॉलेजात शिकून परत आलेला. म्हणाला, "ताई, मी येतो वर." आम्ही निघालो.

त्या पोराने मला गड दाखवला तसा फार थोड्यांनी दाखवला आहे. खिंडीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. खिंडीत सालोट्याकडे पाठ करून बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि मगच पायऱ्यांकडे नेलं. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याला बिलगून जाणारी आडवी वाट आणि तिच्या अंगाला खोदीव गुहा. कुठल्या गुहेत पाऊस आत येतो आणि कुठे येत नाही, गंगासागर तलावाजवळ कुठल्या टाक्याचं पाणी गावातले लोक पितात, हे तो त्याच्या आजोबांचा हवाला देऊन सांगत होता. वर परशुराम मंदिरापाशी उभं राहिलं की पूर्वेला मुल्हेर, मोरा, हरगड ओळीने दिसतात, पलीकडे मांगी-तुंगीचे दोन सुळके, आणि पश्चिमेला गुजरातचं डांगचं रान. खालचा मुलूख दाखवून तो म्हणाला, "लढाई या मैदानात झाली." १६७२ ची ती लढाई. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगली फौजेला उघड्या मैदानात हरवलं, सूर्यराव काकडे जंबुऱ्याचा, म्हणजे छोट्या तोफेचा, गोळा लागून पडले. गनिमी काव्याचे गोडवे गाणाऱ्यांना या लढाईचं नाव आठवत नाही, याचा मला मनापासून राग येतो. डोंगरातल्या वाटा अडवून लढणारी फौज समोरासमोर उभी राहूनही जिंकू शकते, हे मोगलांना या मैदानात कळलं. ते मैदान उंचावरून न बघता साल्हेर बघितला असं मी म्हणू देत नाही.

संध्याकाळी उतरलो. मी मावशींना पाण्याचं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. हातात बादली देऊन मला विहिरीवर नेलं आणि दोर माझ्याकडे दिला. "सोड." मी सोडला. बादली पाण्याला लागली तेव्हा माझ्या हातात दोराचं हातभर टोक उरलं होतं. म्हणाल्या, "आता पुरतो. होळीनंतर दुसरा दोर जोडते. तेव्हा पावणे आणू नको." मग घरी आल्यावर पुढचं सांगितलं: दहा माणसं, त्याहून एकही जास्त नको. आठवड्याला एकच गाडी. आंघोळीला बादलीभर पाणी, जास्त मागायचं नाही.

मुलाला हे पटलं नव्हतं. आईसमोर बोलला नाही, गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा बोलला. त्याला दोन खोल्या बांधायच्या आहेत, सिमेंटची टाकी बांधायची आहे. शिकलेला मुलगा गावात राहिला याचं कारण हा गडच आहे, नाहीतर तो नाशिकला कंपनीत गेला असता. म्हणाला, "आई पाण्याकडे बघते ताई, मी माझ्याकडे बघतो." दोघांचंही खरं होतं.

मी अहवालात मावशींच्या अटी जशाच्या तशा लिहिल्या. मुल्हेरला दोन रात्री, वाघांब्यात एक, दहा जण, होळीनंतर बंद. ऑफिसमधून उलट विचारणा आली: शेतात तंबू लावले तर? टँकर मागवला तर? पाहुण्यांसाठी टँकर येतो आणि गाव मात्र दोर जोडत बसतं, हे मला लाजिरवाणं वाटतं आणि मी तसंच लेखी दिलं. भांडण झालं. शेवटी दहाची अट मान्य झाली, पण गावाचं नाव जाहिरातीत छापून आलं. नाव छापू नका असं मी दोनदा सांगितलं होतं. आपण शोधलेलं घर हे आपल्या मालकीचं नसतं, पण त्या घराचा पत्ता चौकात लावायचा हक्कही आपल्याला नसतो, असं मी मानते.

आमच्या बॅचेस चांगल्या झाल्या. एक निवृत्त शिक्षिका, गुडघ्याला पट्टा बांधून, परशुराम मंदिरापर्यंत पोचल्या; पहाटे पाचला दारातून पाऊल टाकलं की चढ सुरू होतो म्हणूनच त्या पोचल्या. मावशींच्या हातचं जेवण लोक अजून फोन करून आठवतात. एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर हे लिहिलंच नसतं.

होळीच्या आधीच्या शनिवारी दुसऱ्या एका मंडळाची बस वाघांब्यात गेली. चाळीसेक माणसं, आगाऊ फोन नाही, जाहिरातीत गावाचं नाव वाचून आलेली. मावशींनी सगळ्यांना जेवायला घातलं. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. शेजारच्या तीन घरांतून पीठ आणलं, बायकांना बोलावलं, रात्री अकरापर्यंत भाकऱ्या थापल्या. विहिरीवर दोर त्याच दिवशी जोडावा लागला. आणि त्या एका रात्रीत, शेजारच्या बायकांचे पैसे देऊनही, त्यांच्या हातात आमच्या सगळ्या बॅचेसपेक्षा जास्त रक्कम उरली.

हे मला मुलाने फोनवर सांगितलं. त्याचा आवाज आनंदी होता. मग फोन मावशींनी घेतला. रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या की शेजारणींच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांना पाणी उशिरा मिळालं, त्या काही बोलल्या नाहीत, "पण मला कळतं."

तेव्हापासून दोन गोष्टी माझ्या मनात भांडताहेत. दहाची अट मी पाळली म्हणून मी योग्य वागले असं वाटतं. आणि चार घरांत एका रात्रीत पैसे पोचले, ते माझ्या दहांनी वर्षभरात पोचले नसते, हेही दिसतं. राजगडाखाली गुंजवण्यात, तोरण्याखाली वेल्ह्यात हेच आधी घडलं असणार, फक्त तेव्हा मी तिथे रेकीला नव्हते. साल्हेरची देखभाल राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. गडाच्या दगडाला कोणी हात लावू नये यासाठी नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. पायथ्याच्या विहिरीचा विचार मात्र कोणत्याच कागदात नाही. वारसा यादीत गड गेला, गाव गेलं नाही.

पुढच्या हंगामाचा आराखडा टेबलावर आहे. मुल्हेरचा मुक्काम पक्का केला आहे, साल्हेरसाठीही बहुतेक तिथूनच पहाटे गाडी काढीन, नाइलाजाने. वाघांब्यापुढची जागा रिकामी ठेवली आहे. मुलगा म्हणतो, खोल्यांचं तुम्हीच आईला समजवा, तुमचं ऐकेल. मी त्याला सांगितलं आहे की मे महिन्यात येते, विहिरीत किती पाणी उरतं ते आधी बघू, आणि तुझ्या आईला शेजारणींसमोरच विचारू.