घरच्या संगणकाची निगा

संगणकांत मला रस आहे हे ओळखीच्यांना ठाऊक असल्यामुळे कोणता अँटिव्हायरस घ्यावा, असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. उत्तर देण्यापूर्वी मी दोन प्रश्न उलट विचारते. संगणकातील सॉफ्टवेअर शेवटचे कधी अपडेट केले होते, आणि या क्षणी डिस्क बंद पडली तर तुमचे फोटो व कागदपत्रे कुठून परत मिळतील? ज्यांच्यापाशी या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे असतात, त्यांना अँटिव्हायरसच्या निवडीची फारशी चिंता करावी लागत नाही. आणि ज्यांच्यापाशी ती नसतात, त्यांचे महागातल्या महाग अँटिव्हायरसनेही पुरेसे रक्षण होत नाही.

अपडेटबाबत मी इतकी आग्रही का आहे, हे २०१७ सालच्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामच्या) प्रकरणावरून कळेल. एका संगणकातील फाइली नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाला उपलब्ध करून देणारी जी व्यवस्था विंडोजमध्ये असते, तिच्या जुन्या आवृत्तीत एक गंभीर दोष होता. तो दूर करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला. पुढच्याच महिन्यात त्या दोषाचा गैरफायदा घेणारे साधन इंटरनेटवर उघड झाले आणि १२ मे रोजी वॉनाक्राय पसरू लागले. काही दिवसांतच सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले, आणि ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. कोणी फसव्या ईमेलमधील दुव्यावर क्लिक करण्याचीही त्याला गरज नव्हती. अपडेट न झालेला संगणक नेटवर्कवर त्याच्या टप्प्यात येणे पुरेसे होते. त्यांपैकी बहुतेक संगणक विंडोज ७ वर चालणारे होते, म्हणजे त्यांच्यासाठीचा उपाय जवळजवळ दोन महिने आधीपासून विनामूल्य उपलब्ध होता.

अपडेट जाहीर झाला म्हणजे धोका टळला, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात जे तो घेत नाहीत त्यांचा धोका त्या दिवसापासून वाढतो, कारण जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमके काय बदलले हे पाहिले, की दोष कुठे होता हे जाणकार हल्लेखोराला शोधून काढता येते. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट देत आली आहे. त्या आठवड्यात, हातातले काम संपल्यावर, संगणक अपडेटसाठी मोकळा ठेवायचा असा माझा नेम आहे. ‘नंतर आठवण करून द्या’ हे बटण एखाद्या दिवसापुरते दाबायला हरकत नाही. महिनाभर दाबत राहणे मात्र धोक्याचे आहे.

याच संदर्भात विंडोजची एक कमी माहीत असलेली गोष्ट सांगायला हवी. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी प्रणालीचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही; त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरुवात होते. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या माणसाने टास्क मॅनेजर (संगणकात काय चालू आहे हे दाखवणारा विंडोजचाच प्रोग्राम) उघडून पाहिला, तर संगणक कित्येक दिवस सलग चालू असल्याची नोंद त्याला तिथे दिसू शकते. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ केल्यावरच होते. संगणक विनाकारण अडखळू लागला तर बाकीचे उपाय करण्यापूर्वी तो रीस्टार्ट करून पाहावा, असे मी आवर्जून सुचवते. ब्राउझरचेही असेच आहे. त्याचा नवा अपडेट गुपचूप उतरवला जातो, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत लागू होत नाही, आणि अनेकांचा ब्राउझर पन्नास टॅबसह आठवडेच्या आठवडे उघडाच असतो.

ज्या सॉफ्टवेअरला अपडेट मिळणेच थांबले आहे, ते उत्तम चालत असले तरी निवृत्त करावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवसानंतरही संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, सगळी कामे करतो, आणि म्हणूनच काही बदलले आहे हे वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे बरीच जुनी यंत्रे त्या वाटेने जाऊ शकत नाहीत. वाढीव अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, पण ती मर्यादित काळापुरती आहे. ज्यांचे बहुतेक काम ब्राउझरमध्येच होते, त्यांनी जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही विनामूल्य प्रणाली वापरून पाहावी, असे मला मनापासून वाटते. चांगल्या स्थितीतले यंत्र भंगारात काढण्याचे त्यामुळे टळते.

आता अँटिव्हायरसकडे वळते. विंडोज ८ पासून विंडोजमध्येच पूर्ण अँटिव्हायरस समाविष्ट असतो आणि घरगुती वापरासाठी तो चांगले काम करतो. त्याच्या जोडीला आणखी एक बसवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. यंत्राचा वेग मात्र कमी होऊ शकतो. संगणक ‘स्वच्छ’ करून ‘वेगवान’ करण्याचे आश्वासन देणाऱ्या प्रोग्रामांबद्दल माझे मत याहून कडक आहे. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या प्रोग्रामांनी वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, उलट एखादी आवश्यक नोंद पुसली जाण्याची शक्यता निर्माण होते. आणि असे प्रत्येक साधन स्वतःच एक प्रवेशद्वार असते. सीसीक्लीनर या लोकप्रिय साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच २०१७ मध्ये हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि ती आवृत्ती २० लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. त्या लोकांनी सॉफ्टवेअर योग्य ठिकाणाहून, योग्य पद्धतीने घेतले होते. तरीही ते अडचणीत आले. म्हणून न लागणारे प्रोग्राम काढून टाकणे हा माझ्या लेखी देखभालीचा मुख्य भाग आहे. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनांची, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, छाननी तर अधिक काटेकोरपणे करावी, कारण ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मिळवलेले एक्स्टेन्शन आपण उघडलेले बँकेचे पानही वाचू शकते. चांगली एक्स्टेन्शन काही काळाने दुसऱ्या मालकाला विकली जातात आणि नवा मालक त्यांचा गैरवापर करतो, असेही घडलेले आहे.

रोजच्या कामासाठी अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले साधे खाते वापरावे, ही सूचना बहुतेकांना जाचक वाटते. घरात मुले किंवा वयस्कर माणसे संगणक वापरत असतील तर मी तिच्याबाबत तडजोड करत नाही. साध्या खात्यातून काही बसवायचे झाले की पासवर्ड मागितला जातो, आणि त्या थांब्यावर एक विचार करायला वेळ मिळतो. त्याच वेळी फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे दिसण्याची सोयही चालू करून ठेवावी. विंडोज ती मुळात लपवते, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशा नावाचा प्रोग्राम पाहणाऱ्याला निव्वळ ‘बिल.पीडीएफ’ असा दिसतो.

पासवर्डच्या बाबतीत जुने नियम आता बदलले आहेत. अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मधील मार्गदर्शनात ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, चिन्हे व अंक यांची सक्ती करू नये आणि लांबीला महत्त्व द्यावे, अशी भूमिका घेतली. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड लक्षात ठेवणे माणसाला शक्य नाही. त्यासाठी सगळे पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्राम, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, वापरावा. सर्वांत आधी ईमेलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी सोय) लावावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात.

यंत्राच्या शारीरिक देखभालीबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. हवेच्या जाळ्या धुळीने बुजू देऊ नयेत, लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नये, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबून किंवा टोचून पाहू नये, त्या क्षणी वापर थांबवावा. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवर आधारित डिस्क, असलेल्या यंत्रात बाहेरचे साधन आणून डिफ्रॅगमेंटेशन (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) करू नये; त्याने वेग वाढत नाही, लिहिण्याची मर्यादित क्षमता मात्र खर्च होते.

उरला बॅकअप. माझ्या दृष्टीने हा या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. महत्त्वाच्या फाइलींच्या एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांमध्ये रुळलेला ३-२-१ चा नियम आजही पुरेसा आहे. क्लाउडमध्ये आपोआप जुळणारे फोल्डर म्हणजे बॅकअप, असे समजणे घातक ठरते. इथे चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते आणि काही दिवसांनी तिथल्या कचराकुंडीतूनही नाहीशी होते. एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम जोडून ठेवली असेल तर रॅन्समवेअर तिच्यावरील फाइलीही कुलूपबंद करते, म्हणून प्रत काढून झाली की ती डिस्क काढून ठेवावी. हार्ड डिस्क बिघडण्याआधी कधी कधी आवाज करते, वाचायला वेळ लावते. एसएसडी बहुधा अशी सूचना देत नाही. शिवाय एसएसडीवरून पुसलेला मजकूर परत मिळवणे बहुतेक वेळा अशक्य असते, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच लवकर साफ करते.

प्रत काढली म्हणजे काम संपले, असे मानू नये. अधूनमधून त्या डिस्कवरची एखादी जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिलेलीच नाही, तिच्यावर मी विसंबत नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्कचे एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे फाइलींचे सांकेतिक रूपांतर) आपोआप सुरू होते, आणि ते मालकाला ठाऊकही नसते. चोरी झाल्यास या एन्क्रिप्शनमुळे फाइली सुरक्षित राहतात, पण मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलल्यावर किंवा क्वचित एखाद्या अपडेटनंतर तोच संगणक सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर फाइली कोणालाही, अगदी निर्मात्या कंपनीलाही, उघडता येत नाहीत. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पाहायला मिळते. ती आजच शोधून कागदावर उतरवावी आणि घरातील इतर महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.