आमची वाटचाल : पोपटी चाक, खरं आणि खोटं

कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यातल्या एखाद्या फौंड्रीत तुम्ही पोपटी रंगाचं, बाजूच्या प्लेटवर सहा बोल्ट असलेलं ट्रॉलीचं चाक पाहिलं असेल, तर ते एकतर आमचं आहे नाहीतर आमची नक्कल. फरक कसा ओळखायचा ते पुढे सांगतोच. आधी हे चाक आलं कुठून ते लिहून ठेवतो, कारण हल्ली प्रदर्शनांतून ते भलत्याच कुणीतरी काढल्याचं कानावर येतं.

आमचं मूळ काम जॉबवर्कचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि एक कायम बिघडलेला शेपर. ऑइल इंजिनांचे सुटे भाग व्हायचे. ते काम आटलं तसे आम्ही ट्रॉल्या, रॅक, बिन असल्या कामात शिरलो. 2008 ची मंदी आली, गाड्यांचे पार्ट ओतणाऱ्या फौंड्र्यांनी शिफ्ट कमी केल्या आणि आमच्याकडे रिकामा वेळच वेळ झाला. अशात शिरोलीच्या एका फौंड्रीचे मालक दुकानात आले. सगळी शिरोली त्यांना अण्णा म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. न बसताच म्हणाले, "आरं, ट्रॉली तुझी आणि रिजेक्शन माझं व्हय?"

वॉटर जॅकेटचा कोअर काय चीज असते ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी: इंजिनाच्या हेडमध्ये पाणी फिरायला पोकळी राहावी म्हणून ओतताना साच्यात ठेवतात तो वाळूचा नाजूक आकार. कोअर शॉपमधून मोल्डिंगपर्यंत नेताना ट्रॉली एका जाळीवरून गेली, दोन जॉइंट ओलांडले की कुठेतरी केसाएवढी भेग पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती ओतून, थंड करून, फेटलिंग म्हणजे साफसफाई करून झाल्यावर, म्हणजे वीज, मेटल, मजुरी सगळं घालून झाल्यावर. भेगेत धातू शिरून फिन, म्हणजे नको असलेली पातळ पापडी, तयार झालेली असते आणि हेड भंगारात जातं. अण्णांचा कोअर शॉपचा माणूस म्हणायचा, "कोअर म्हंजे पापड हाय, आणि ट्रॉली म्हंजे बैलगाडी."

तोवर आम्ही नायलॉनची चाकं द्यायचो. वजन पेलतात, झिजत नाहीत, पण प्रत्येक धक्का जसाच्या तसा वर पोचवतात. हवेचे टायर लावून पाहिले. फौंड्रीच्या जमिनीवर मेटलचे थेंब, खिळे, फिनचे तुकडे; पंक्चर काढायला वेगळा माणूस ठेवावा लागला असता. शिवाय हवेचा टायर धक्का गिळतो, पण लगेच परतही देतो, ट्रॉली उड्या मारत जाते. पॉलियुरेथेन छान चालतं, पण गरम तुकड्यावर उभं राहिलं की चटका बसून बसकं होतं. स्प्रिंगच्या काट्यात वाळू जाऊन बसते आणि मग स्प्रिंग असून नसल्यासारखी.

म्हणून आम्ही धक्का गिळायची जागाच बदलली. जमिनीला लागणारी धाव कठीण ठेवली आणि तुंबा (चाकाचा मधला गाभा) व रिम यांच्या मधे रबर घातलं. काम चाकाच्या पोटात, तिथे वाळू नाही, खिळा नाही, गरम मेटल नाही.

ही कल्पना आमची असं आम्ही कधीच म्हटलं नाही. अमेरिकेतल्या पीसीसी नावाच्या ट्रामना 1930 च्या दशकातच चाकाच्या पोटात रबर होतं. रशियन केव्ही रणगाड्यांच्या चाकांत होतं आणि पुढे जर्मनांनी टायगर रणगाड्याच्या चाकांतही तेच केलं, त्यामुळे बाहेरचं रबर वाचलं. पहिल्या महायुद्धात रबराची टंचाई झाली तेव्हा जर्मन ट्रक पोलादी स्प्रिंगांच्या चाकांवर पळाले. हवेच्या टायरचं पहिलं पेटंटसुद्धा डनलॉपचं नव्हे, रॉबर्ट थॉमसनचं, 1845 चं. डनलॉप आला 1888 मध्ये. तेव्हा या धंद्यात "पहिला मीच" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. आमचं काय, तर माप. आणि ते माप काढायला नात्यातल्या पाहुण्यांनी जे कष्ट घेतले त्याची नोंद कुठेच नाही, म्हणून इथे करतो.

पाहुण्यांचा गोकुळ शिरगावला रबर मोल्डिंगचा छोटा प्रेस. माणूस शाळा फार शिकलेला नाही, पण कंपाऊंड, म्हणजे रबराचं मिश्रण, नुसतं वासावर ओळखायचा. कोट्टायमहून आलेलं आरएसएस-4 प्रतीचं कच्च्या रबराचं शीट हातात घेऊन उजेडाला धरायचा आणि "यात माती हाय" म्हणून परत गाठोड्यात टाकायचा. रबर दाबलं तर आक्रसत नाही, बाजूला फुगतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर बोट आपटून सांगितलं. फुगायला जागा ठेवली नाही तर रबर आणि दगड सारखेच. आमच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये रबर चारी बाजूंनी बंद होतं. पाहुण्यांनी ड्रॉइंगवरच पेन्सिलीने दोन खाचा काढल्या. त्या आजही तशाच आहेत.

दुसरी गोष्ट दाबाची. रबराला दाब मानवतो, ओढ मानवत नाही. चाकावर वजन आलं की तुंब्याच्या खालचं रबर दाबलं जातं आणि वरचं सैल पडतं. सैल पडता पडता ते ओढलं जाऊ लागलं की धातूपासून सुटायला सुरुवात झालीच म्हणून समजा. म्हणून आम्ही उतरत्या कडांच्या दोन रबर रिंगा घेतल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि बाजूची प्लेट बोल्टने आवळून दोघींना आधीच दाबून ठेवलं. मग वजन येवो न येवो, वरचं रबरही दाबातच राहतं. किती दाबायचं ते ठरवते मधली कॉलर. अर्धा मिलिमीटर जाड झाली तर रिंग ढिली, अर्धा मिलिमीटर बारीक झाली तर चाक कडक. ही कॉलर आमच्याकडे आजही वडिलांच्याच लेथवर होते. संगणकावर चालणारा सीएनसी आहे, पण कॉलर तिथे नाही. यावर आमचा मुलगा हसतो. हसू दे.

चाचणीसाठी जुन्या ड्रमवर पट्ट्या वेल्ड केल्या, चाक त्याच्यावर वजनाने दाबलं आणि माणसाच्या चालीच्या वेगाने फिरवत ठेवलं. अधूनमधून थांबवून हाताने रबर चाचपायचं. तापलं म्हणजे आतल्या आत घासतंय. रबराचा कठीणपणा 55 ते 60 शोअरमध्ये (शोअर हे त्याचं माप) बसला तेव्हा चाक गारही राहिलं आणि कोअरही टिकला. अण्णांनी पहिल्या चार ट्रॉल्यांचे पैसे रोख दिले आणि त्याच महिन्यात सगळ्या कोअर शॉपची चाकं बदलायला सांगितली. त्यांनी ना कोटेशन मागितलं, ना तीन पार्ट्यांचे रेट. एवढंच म्हणाले, "बिलावर रबराची तारीख लिव्हत जा." तेव्हापासून प्रत्येक प्लेटच्या आतल्या बाजूला आम्ही मोल्डिंगचा महिना आणि वर्ष पंच करतो. ही तारीखच पुढे आम्हाला वाचवणार होती.

नंतरची काही वर्षं चांगली गेली. शेड वाढवली, सीएनसी घेतला, मुलगा कॉलेज करून आला.

आता मुद्द्याचं. पुण्याकडे आमचा एक डीलर होता. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको सांगितलंय. बोलायला गोड, यायचा तेव्हा पेढे घेऊन यायचा, शेडमध्ये मोकळा हिंडायचा. पाहुण्यांच्या प्रेससमोरही तासन् तास उभा. चाकण पट्ट्यातल्या एका मोठ्या कंपनीचं काम त्याने आणलं, हे खरं, त्याचं श्रेय त्याला. इंजिन असेंब्लीच्या ट्रॉल्या, चाकांची संख्या आमच्या आवाक्याबाहेरची. ऑर्डर आमच्या नावावर, माल मात्र त्याच्या गोदामातून टप्प्याटप्प्याने जाणार, त्याला कमिशन.

वर्षभरात कंपनीतून फोन. चाकं करकरतात, काही रिमवरच गोल फिरतात, एक ट्रॉली इंजिनसकट कलंडली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण सगळा माल रिजेक्ट, पैसे कापून घ्यायची डेबिट नोट आणि चांगल्या मालाचं जुनं बिलही थांबवलं. मीटिंगला गेलो तर क्वालिटीच्या साहेबांनी टेबलावर एशेडेच्या अपघाताचा प्रिंटआउट टाकला. 3 जून 1998, जर्मनी, वेगवान रेल्वे, 101 माणसं गेली, आणि कारण चाक. "तुमचंही असंच रबरवालं ना?"

रबरवालंच. पण तिथे रबर फुटलं नव्हतं. रबरावर बसवलेली पोलादी धाव दर फेऱ्याला किंचित चपटी होत होती, त्याने आतल्या अंगाला थकव्याची भेग वाढत गेली आणि गाडी दोनशेच्या वेगात असताना धाव तुटली. त्यातून धडा असा की रिमची आतली बाजू तपासत राहा. आमच्या ट्रॉल्या माणूस ढकलतो त्या वेगाने चालतात. हे मी सांगत होतो आणि साहेब मोबाईल बघत होते.

पुढचे महिने आठवले की आजही पोटात गोळा येतो. सीसी म्हणजे बँकेच्या उचलीचं खातं काठोकाठ, बँकेतून रोज फोन, नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा 2006 चा कायदा आहे. तो सगळ्यांना पाठ असतो. पण ज्याने वसूल केलं त्याला पुढची ऑर्डर मिळाली का, ते विचारा. एचएमटीचा लेथ विकला. पाहुण्यांनी कंपाऊंडचे पैसे मागायचे बंद केले, ते सर्वांत जास्त लागलं. डीलर फोन उचलेना.

अण्णांना हे दुसरीकडून कळलं. ते स्वतः आले, सोबत टेम्पो. टेम्पोत त्यांच्या कोअर शॉपमधली सर्वांत जुनी चाकं, पहिल्या ट्रॉल्यांची, काळवंडलेली, पोपटी रंग नावाला उरलेला. म्हणाले, "ही घे आणि त्येंच्या म्होरं काप. मी संगं येतो."

आणि ते आले. चाकणला, कंपनीच्याच टूलरूममध्ये, बँडसॉवर. आधी कंपनीने नापास केलेलं एक चाक कापलं. पातं रबरात शिरलं तसा चुरा पडायला लागला, काळा, कोरडा, मधेच राखाडी कण आणि एका जागी तर सुतळीसारखा धागा. जुन्या टायरचं रीक्लेम, म्हणजे पुन्हा वापरलेलं रबर. कॉलर मापली, आमच्या मापापेक्षा चांगली मिलिमीटरभर जाड. बोल्ट हलके आवळले जातात, जुळणी भराभर होते, पण रिंगवर दाबच नाही. प्लेट उलटी केली तर आत तारखेचा पत्ता नाही. मग अण्णांचं जुनं चाक लावलं. पातं जड गेलं, रबर सलग निघालं, धातूला धरून. कंपनीच्याच माणसाने कंपनीचाच ड्युरोमीटर, म्हणजे कठीणपणा मापायचं यंत्र, टेकवला, वयोमानाने थोडं कडक झालेलं, पण मापात. प्लेटवर महिना आणि वर्ष. अण्णांनी साहेबांना फक्त एवढंच विचारलं, "आता सांगा, ह्यातलं ह्यानं दिल्यालं कुठलं?"

मग गोदाम तपासलं, माल मोजला. निम्म्याहून जास्त चाकांवर तारीख नव्हती. आमची चाकं घेऊन त्याने त्यात स्वतःची मिसळली होती, त्याच पोपटी रंगात.

बिल मिळालं, उशिरा आणि बिनव्याजी. डेबिट नोट रद्द झाल्याचं एका ओळीचं मेल आलं. "चूक झाली" असं त्या इमारतीतला एकही माणूस म्हणाला नाही. ते मेल मी छापून ऑफिसात लावलंय. मुलगा म्हणतो, काढा आता बाबा. नाही काढणार.

डीलरला नोटीस पाठवली. पेटंट आमच्याकडे नव्हतं, तत्त्व जुनं असल्याने मिळालंही नसतं. डिझाइन रजिस्टर केलेलं होतं, पण डिझाइनला संरक्षण असतं ते दिसण्याचं, पोटातल्या करामतीचं नव्हे. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं, त्यात एक वाक्य होतं: चाक गोलच असणार. यावर काय बोलणार?

2019 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, माल अडकला, मग कोविड, तेही निभावलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं तेच झालं.

चाक घेणाऱ्यांसाठी थोडं. प्लेटच्या आत तारीख बघा, बाहेरच्या स्टिकरवर जाऊ नका. नवं चाक हातात धरून तुंबा मुरगाळून बघा, हाताने हललं तर रिंगवर दाब नाही. नखाने रबर खरवडा, बोटाला पावडर लागली तर घेऊ नका. मशीन शॉपमध्ये कूलंट आणि तेल सांडतं तिथे नैसर्गिक रबराचं चाक मागूच नका, ते तेल पिऊन फुगतं. नायट्राइलचं मागा, दोन पैसे जास्त द्या. स्टोअरमध्ये चाकं उन्हात किंवा वेल्डिंगजवळ ठेवू नका. आणि धंद्यात नव्या असलेल्या पोरांनो, माल स्वतःच्या गाडीने पाठवा. कमिशनवाल्याच्या गोदामात उतरवायचाच असेल तर प्रत्येक नगावर नंबर टाका. कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.

पाहुणे आता थकलेत, प्रेस त्यांचा पुतण्या बघतो. शीट मात्र अजून आधी त्यांच्याकडे जातं. अण्णांच्या कोअर शॉपला तिसऱ्या पिढीची चाकं लागलीत, आणि अण्णा अजूनही रोख देतात, अजूनही घासाघीस करतात.

डीलरचा धंदा जोरात आहे. गेल्या प्रदर्शनात त्याचा स्टॉल आमच्या दुप्पट होता. तिथून आमच्या मुलाने त्याचा रंगीत कॅटलॉग आणला. पहिल्या पानावर "आमचे संशोधन" या मथळ्याखाली जे पोपटी चाक छापलंय, त्याच्या मागे आमच्या उद्यमनगरातल्या शेडचं शटर आहे, आणि शटरपाशी पाहुण्यांची सायकल.