लंडनमधे जरा टेकायला जागा मिळेल का?

पहिले तीन दिवस काय केलं ते लिहीत नाही, जे सगळे करतात तेच केलं आणि फोटोही तसलेच आलेत. मला लिहायचंय ते बसण्याबद्दल. कारण माझे गुडघे.

चौथ्या दिवशी केन्सिंग्टनमधे भटकत होतो. काय देखणा एरिया आहे, पांढरीशुभ्र घरं, दारापुढे खांब, आणि घरांच्या मधोमध चौकोनी बाग. जुनी झाडं, कापलेलं गवत, बाकं. रिकामी बाकं! मी खुशीत गेटपाशी गेले तर कुलूप. पाटी लावलेली, फक्त रहिवाशांसाठी. पुढच्या चौकातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. अशा बऱ्याच बागांच्या किल्ल्या आजूबाजूच्या घरवाल्यांकडेच असतात, खर्चही तेच करतात, सगळं मान्य, पण मग निदान कुणीतरी बसलेलं असावं की नाही आत? एक कबूतर होतं फक्त. आपल्या सोसायट्यांच्या 'बाहेरच्यांनी गाडी लावू नये' पाट्यांना मी उगाच नावं ठेवत होते. शेवटी कुणाच्या तरी पायरीवर बसले, आणि दार उघडलं तर काय सांगायचं या धास्तीने दोन मिनिटांत उठले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटावर जायला ५२८ पायऱ्या आहेत हे कळल्यावर नवऱ्याला म्हटलं, तू जा बाबा. धपाट्यांचा डबा माझ्याकडेच होता. कुठे खाऊ म्हणत चालत सुटले आणि पाचेक मिनिटांत एक बाग दिसली, पोस्टमन्स पार्क. गेट चक्क उघडं!

जवळच पूर्वी मोठं पोस्ट ऑफिस होतं, तिथली माणसं जेवायच्या सुट्टीत इथे यायची म्हणून हे नाव. आता आसपासच्या ऑफिसातली येतात. सगळी बाकं भरलेली आणि तरी आवाज नाही, आपापलं सँडविच खात गप्प बसलेली माणसं. एकाने न बोलता बॅग उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा केली. मी डबा उघडला. ही जागा म्हणजे जुनी दफनभूमी आहे, जागा पुरेना म्हणून थरावर थर पुरत गेले आणि जमीन रस्त्यापेक्षा उंच झाली, हे नंतर वाचलं. आधी कळतं तर घास उतरला नसता.

समोर एक लाकडी पडवी आणि तिच्या भिंतीवर टाइल्स. मला वाटलं देणगीदारांची नावं असतील. तर तसं नाही, दुसऱ्याला वाचवताना जीव गेलेल्या साध्या माणसांची नावं आहेत ती! वॉट्स नावाच्या चित्रकाराने १८८७ मधे ही कल्पना मांडली आणि १९०० मधे हे उभं राहिलं. अ‍ॅलिस एअर्स, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याची मुलगी, १८८५ मधे जळत्या घरातून तीन मुलांना वाचवलं आणि स्वतः गेली. नाटकात काम करणारी सारा स्मिथ सोबतिणीला लागलेली आग विझवायला धावली, तिचा स्वतःचा पोशाखही पटकन पेटणारा. थॉमस सिम्पसन, हायगेटच्या तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा लोकांना बाहेर काढता काढता दमून मेला. दमून! त्या शब्दापाशी मी बराच वेळ उभी राहिले, गुडघे विसरून. अख्ख्या लंडनमधे घोड्यावर बसलेले सेनापती पाहून कंटाळा आला होता, त्यांच्यापैकी एकाचं नाव सांगा म्हटलं तर मला येणार नाही. सगळ्यात नवी टाइल २००९ ची, कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवणाऱ्याची. बरीच भिंत अजून मोकळीच आहे.

तेवढ्यात नवरा फोन करत करत पोचला, तंगडतोड झालेली. टॉवर ब्रिज राहिलाय, चल, असं म्हणत बाकावर बसला, दोन धपाटे खाल्ले आणि बसल्या बसल्या झोपला. मी उठवलं नाही. टॉवर ब्रिज राहिलाच.